विश्लेषण : घरच्या टाकीत मशरूम कोरल… ‘सोपा’ म्हणून घेण्याआधी काय माहीत हवे?

निळ्या प्रकाशात चमकणारे काचेचे टाके, दगडावर चिकटलेल्या लाल, हिरव्या, जांभळ्या मखमली चकत्या आणि मधून फिरणारा नारिंगी क्लाऊनफिश… मोबाइलवर असा व्हिडीओ एकदा पाहिला की पुढचे आठ दिवस तसेच व्हिडीओ समोर येत राहतात. त्या चकत्या म्हणजे मशरूम कोरल. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय नव्याने सुरू करणाऱ्याला दुकानदार बहुतेक वेळा हाच कोरल सुचवतो, कारण तो ‘सोपा’ आहे, सहज मरत नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र मशरूम कोरल या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळे प्राणी विकले जातात. त्यातल्या एकाला भारतात वाघाइतकेच कायदेशीर संरक्षण आहे. आणि ‘सहज मरत नाही’ हा गुण टाकीबाहेर गेला तर काय होते, याचे उदाहरण प्रशांत महासागरात आहे.

मशरूम कोरल म्हणजे नेमके काय?

कोरल म्हणजे प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नाही. समुद्रपुष्प, जेलीफिश आणि प्रवाळ हे सगळे एकाच मोठ्या कुळातले. ज्याला मत्स्यालयाच्या छंदात मशरूम म्हणतात तो कोरलिमॉर्फ या गटातला. डिस्कोसोमा, रोडॅक्टिस, रिकॉर्डिया आणि ॲम्प्लेक्सिडिस्कस ही त्यातली नेहमी दिसणारी नावे. पावसाळ्यात उगवणारी कुत्र्याची छत्री आठवा, ती दगडाला टेकवून थोडी चपटी केली की डिस्कोसोमा तयार. वर एक गोल चकती, मधोमध तोंड, खाली चिकटून बसणारा आखूड पाय. तोंड एकच. खाणे तिथूनच आत जाते आणि मळही तिथूनच बाहेर येतो.

त्याच्या शरीरात सांगाडा नसतो. प्रवाळ म्हटले की जो चुनखडीचा पांढरा दगड डोळ्यांसमोर येतो, तो मशरूम कोरल तयारच करत नाही. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. कोरलचे पोट बहुतांशी या भाडेकरूवरच चालते. म्हणून टाकीत दिवा नीट असेल तर त्याला रोज हाताने भरवावे लागत नाही.

मग नावाचा गोंधळ कुठे होतो?

इंग्रजीत ‘मशरूम कोरल’ म्हणून ओळखला जाणारा दुसरा प्राणी म्हणजे फंजिया आणि त्याचे भाऊबंद. फंजिया हे नावच बुरशीच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. अळंबीची छत्री उलटी करून पाहिली तर खाली पातळ पापुद्र्यांच्या रांगा दिसतात, फंजियाचा सांगाडा हुबेहूब तसा असतो. सांगाडा असतो, हे महत्त्वाचे. हा कठीण कोरल आहे, मोठा झाल्यावर तो दगडाला न चिकटता वाळूवर सुटा पडून राहतो आणि मांसल भाग फुगलेला असताना आतला सांगाडा नवख्याला दिसतही नाही.

तिसरा सार्कोफायटॉन. चामड्यासारखा, देठ आणि छत्री असलेला मऊ कोरल. याच्या छत्रीवर छोट्या फुलांसारखे असंख्य पॉलिप असतात आणि प्रत्येकाला आठ बाहू असतात. कोरलिमॉर्फशी याचे नाते बरेच दूरचे.

दुकानात फरक ओळखण्याची सोपी खूण आहे. एक चकती, मधे एक तोंड, हात न लावताही प्रवाहाने कडा लवचिकपणे दुमडते आहे, आत काही कडक दिसत नाही, तर तो कोरलिमॉर्फ. चकती वाळूवर सुटी पडली आहे आणि मांसाखाली मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या कडक रेषा दिसत आहेत, तर तो फंजिया. शंका वाटली तर दुकानदाराला शास्त्रीय नाव विचारा. नाव सांगता न येणाऱ्याकडून कोरल घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत. दिव्याच्या वॉटचा आकडा आपण तीनदा तपासून घेतो, इथे तर जिवंत प्राण्याचा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात प्रवाळांना सर्वोच्च संरक्षण मिळाले ते २००१ मध्ये. रीफ बांधणारे सर्व स्क्लेरॅक्टिनियन म्हणजे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखा यांचा समावेश अनुसूची १ मध्ये झाला. वाघ, बिबट्या ज्या यादीत आहेत तीच ही यादी. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूचींची फेरमांडणी झाली, पण कठीण प्रवाळांचे स्थान अनुसूची १ मध्येच राहिले. या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे.

फंजिया हा कठीण प्रवाळ आहे, म्हणून तो या यादीत थेट येतो. कोरलिमॉर्फ स्क्लेरॅक्टिनियन नाहीत आणि त्यांचा गट यादीत स्वतंत्रपणेही नाही. वन्यजीव व्यापारावरच्या ‘सिटीज’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतही कठीण प्रवाळ आहेत, कोरलिमॉर्फ नाहीत. म्हणजे दुकानातल्या एकाच ट्रेमध्ये, एकाच ‘मशरूम’ नावाच्या चिठ्ठीखाली शेजारी ठेवलेल्या दोन चकत्यांमध्ये कायद्याच्या नजरेने जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते.

प्रवाळांच्या संरक्षणाचा हा नियम कागदापुरता नाही. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आढळल्या तेव्हा त्या उचलण्यासाठी महापालिकेला वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने १८ वसाहती दुसरीकडे हलवण्यात आल्या. हजारो कोटींचा प्रकल्प तळहाताएवढ्या प्रवाळांसाठी परवानगीच्या रांगेत उभा राहिला होता.

यादीत नाव नाही, याचा अर्थ समुद्रातून उचलून आणता येते असाही नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून अधिसूचित आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय कुठलाच वन्यजीव उचलता येत नाही, मग तो मऊ असो वा कठीण. मालवणला स्नॉर्केलिंगला गेल्यावर ‘छोटासा तुकडा’ बाटलीत घालून आणणे हा छंद नव्हे. आयात केलेल्या मालाचीही तीच कथा. जिवंत जलचर परदेशातून आणताना परवानगी, आरोग्य प्रमाणपत्र आणि विलगीकरण या पायऱ्या असतात. ‘इंडोनेशियाचा माल आहे साहेब’ हे तोंडी वाक्य म्हणजे कागदपत्र नव्हे. शास्त्रीय नाव लिहिलेले बिल मागा. सगळ्यात निर्धोक मार्ग म्हणजे दुसऱ्या छंदिष्टाच्या टाकीत वाढलेल्या कोरलिमॉर्फचे पिल्लू घेणे, आणि याच कोरलच्या बाबतीत ते सहज शक्य असते.

‘जिवंत दगड’ म्हणजे लाइव्ह रॉक म्हणून विकल्या जाणाऱ्या दगडांकडेही याच नजरेने पाहावे. भारतीय किनाऱ्यावरून आणलेला असा दगड बहुधा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा असतो, आणि मेलेल्या प्रवाळालाही संरक्षण आहे. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा कृत्रिम दगड काही महिन्यांत जीवाणूंनी भरतो. काम तेच करतो.

शास्त्रज्ञांचा वाद आणि यादी

इथे एक मजेशीर वळण आहे. कोरलिमॉर्फ हे मुळात सांगाडा गमावलेले कठीण प्रवाळ असावेत, अशी मांडणी २००६ मध्ये जनुकीय अभ्यासावरून झाली. समुद्राचे रसायन बदलले तेव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांनी चुनखडीचे घर सोडून दिले, अशी ती ‘नग्न प्रवाळ’ कल्पना. ती खरी ठरली असती तर कोरलिमॉर्फ स्क्लेरॅक्टिनियनांच्याच वंशवृक्षातली एक फांदी झाले असते आणि ‘सर्व स्क्लेरॅक्टिनियन’ या दोन शब्दांचा अर्थच बदलला असता. पुढे अधिक जनुकांची तुलना झाली. २०१६ मधल्या अशा एका अभ्यासाने निष्कर्ष उलटा काढला: दोन्ही गट जवळचे नातेवाईक, पण वेगळे. वंशवृक्षाची एक रेषा कुठे जोडायची यावर उद्या एखाद्याच्या हॉलमधली टाकी कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरू शकते, असे क्वचितच घडते.

‘सोपा’ का म्हणतात?

कठीण प्रवाळ सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढून घेतो. टाकीत ते रोज मोजून भरावे लागते. मशरूमला ही भूक नाही. त्याला प्रखर प्रकाशही नको. कठीण कोरलच्या टाकीवर जो दिवा पूर्ण क्षमतेने चालवतात, त्याखाली मशरूम आक्रसून जातो, फिका पडतो. टाकीच्या तळाशी, सावलीकडेच्या दगडावर तो खूश. पाण्याचा प्रवाहही मंद हवा. कडा हलकेच डोलते आहे इतपत.

पाणी अगदी निर्जंतुक-स्वच्छ असलेच पाहिजे असेही नाही, उलट थोडे नायट्रेट आणि किंचित फॉस्फेट असलेल्या पाण्यात तो जास्त फुलतो. नवखा माणूस मासे जरा जास्त भरवतो, त्यामुळे नायट्रेट वाढते. इतर कोरल त्यावर रुसतात, मशरूम रुसत नाही. त्याच्या ‘सोपे’पणाचे निम्मे रहस्य इथे आहे.

मग अवघड काय आहे?

पाणी. मशरूम सोपा आहे, समुद्र सोपा नाही. १०० लिटरची टाकी म्हणजे एक बंद प्रणाली. समुद्रात एखादा मासा मेला तर त्याचा अमोनिया अथांग पाण्यात विरून जातो, टाकीत तो आकडा दुपारपर्यंत चढतो. इंजिनीअरिंगच्या वर्गात बफर म्हणजे काय ते परीक्षेपुरते शिकवतात, टाकी ते जन्मभरासाठी शिकवते.

सुरुवात नळाच्या पाण्याने करायची नाही. त्यात क्लोरीन असते, शिवाय क्षार असतात. आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणी लावून टीडीएस शून्याजवळ आणायचा आणि त्यात मत्स्यालयासाठीचे समुद्री मीठ मिसळायचे, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. स्वयंपाकघरातले मीठ चालणार नाही. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असते, तर समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, इतर घटक वेगळेच. ‘मुंबईत राहतो, समुद्र समोर आहे, कॅन भरून आणतो’ हा विचारही सोडून द्या. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता कोसळते.

लक्ष्य ठेवायचे आकडे असे: क्षारता ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. मात्र आकडा अचूक गाठण्यापेक्षा तो स्थिर ठेवणे अधिक महत्त्वाचे. क्षारता ३४ वर आठ महिने टिकली तर मशरूम तक्रार करणार नाही. ती सोमवारी ३३ आणि शुक्रवारी ३७ झाली तर करेल.

ही चढउतार होते कशी? बाष्पीभवनाने. पाणी वाफ होऊन जाते, मीठ टाकीतच राहते. १०० लिटरमधले ५ लिटर उडाले की ३५ ची क्षारता जवळपास ३७ होते. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. नवख्यांच्या टाक्यांत नेमके उलटे होते. ‘समुद्राची टाकी आहे, मग खारे पाणीच घालायला हवे’ हे ऐकायला तर्कशुद्ध वाटते आणि महिनाभरात टाकी मिठागराकडे झुकते. फ्लोट लावलेला छोटा पंप हे काम आपोआप करतो. खर्च करायचाच असेल तर रंगीत दिव्याआधी त्यावर करा.

आणि वाट पाहणे. रिकाम्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात टाकीत दगड, पाणी आणि पंपाचा आवाज यापलीकडे काही नसते. घरचे रोज विचारतात, ‘मासे कधी येणार?’ उत्तर टेस्ट किटकडे असते.

मे महिन्यात काय करायचे?

महाराष्ट्रात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यासाठी हा सर्वात मोठा प्रश्न आहे. पाणी ३० अंशांच्या वर बराच काळ राहिले की कोरलच्या पेशींमधले शैवाल ताणाखाली येते आणि कोरल त्याला बाहेर टाकू लागतो. रंग उडतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रातही नेमके हेच घडते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने जगात चौथी व्यापक ब्लीचिंग घटना सुरू असल्याचे जाहीर केले आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपमधले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर फिके पडल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले. मशरूम कोरल इतरांपेक्षा चिवट असला तरी यातून सुटलेला नाही.

स्वस्त उपाय पंख्याचा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवन वाढते आणि पाणी थंड होते, माठाचे तत्त्व. गणित करून पाहिले तर १ लिटर पाणी वाफ होताना जी उष्णता नेते, तेवढ्याने १०० लिटर पाणी साधारण पाच-सहा अंशांनी थंड व्हावे. खोलीची उष्णता लगेच परत शिरते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचाच फायदा मिळतो. नागपूरच्या किंवा पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय छान चालतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत हवाच ओलाव्याने भरलेली असते, पाणी उडत नाही आणि पंखा नुसताच फिरतो. माठाचे पाणी कोकणात विदर्भाइतके गार का होत नाही, त्याचे कारणही हेच.

म्हणून किनारपट्टीवर चिलर लागतो. छोट्या टाकीसाठीचा चिलर साधारण १५० ते २०० वॉट घेतो. तो मे महिन्यात दिवसाला दहा तास चालला तर रोजचे दीड ते दोन युनिट, म्हणजे महिन्याला ४५ ते ६० युनिट फक्त थंडाव्याचे. दिवा आणि पंपांची भर वेगळी. टाकी घेण्याआधी हा हिशेब घरातल्या वीजबिल भरणाऱ्या व्यक्तीसमोर मांडावा. चिलर गरम हवा खोलीत सोडतो, ती बाहेर जायला वाट हवी, हेही त्या हिशेबात धरा.

वीज गेली तर तापमानाआधी प्राणवायूचा प्रश्न येतो. पंप थांबला की पाण्याची हालचाल थांबते. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप काही शे रुपयांत मिळतो आणि रात्रीच्या भारनियमनात पूर्ण टाकी वाचवतो. मशरूम मंद पाण्यात तग धरेल, मासे धरणार नाहीत, आणि मेलेला मासा अमोनिया सोडून मशरूमलाही घेऊन जाईल.

दगडावर लावायचा कसा, खायला काय द्यायचे?

इतर कोरलचे तुकडे डिंकाने चिकटवतात. मशरूम अंगभर चिकट स्राव सोडतो, त्यामुळे डिंक त्याला धरतच नाही. चिकटवलेला मशरूम दुसऱ्या दिवशी तरंगताना दिसतो. त्यापेक्षा छोट्या वाटीत दगडाचे बारीक तुकडे पसरायचे, त्यावर मशरूम ठेवायचा, वर जाळी बांधायची आणि वाटी कमी प्रवाहाच्या कोपऱ्यात ठेवायची. आठवडा-दोन आठवड्यांत तो स्वतःच एखादा तुकडा धरतो. मग तो तुकडा डिंकाने हव्या त्या दगडावर लावायचा. नवीन टाकीत आल्यावर काही दिवस तो गोळा होऊन बसतो. त्याला रोज जागा बदलून ‘आवडते का’ पाहणे हा छळ आहे.

खाणे ऐच्छिक. आठवड्यातून एकदा बारीक चिरलेली कोळंबी किंवा गोठवलेले मायसिस चकतीवर सोडले तर रोडॅक्टिस हळूहळू कडा वर घेऊन ते गिळतो. डिस्कोसोमा बहुधा दुर्लक्ष करतो. ॲम्प्लेक्सिडिस्कसबाबत मात्र सावध असावे. हत्तीच्या कानासारखी फूटभर पसरणारी ही चकती कडा बंद करून पिशवीसारखी होते आणि आत विसावलेला छोटा मासा पचवून टाकते. क्लाऊनफिशला समुद्रपुष्पात घर करायची सवय, त्यामुळे तोच आधी फसतो.

माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला म्हणून तांब्याचे औषध टाकीत कधीही घालू नये. तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना मारते. आजारी मासा वेगळ्या टाकीत नेऊन तिथे औषध द्यायचे. आणखी एक इशारा मशरूमबद्दल नाही, त्याच्यासोबत त्याच दगडावरून येणाऱ्या झोअँथिड कोरलबद्दल आहे. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. असा दगड उकळत्या पाण्यात टाकणे किंवा कोरडा घासणे यातून विष हवेत उडून माणसे रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा घालूनच दगड हाताळा.

एकाचे दहा होतात, मग अडचण काय?

मशरूम कोरल एका जागी बसतो असे वाटते, पण तो कणाकणाने सरकतो आणि सरकताना पायाचा तुकडा मागे ठेवतो. त्या तुकड्यातून नवा मशरूम उगवतो. कधी तो मधोमध दुभंगतो, कधी बाजूने अंकुर फुटतो. छंदिष्ट धारदार पात्याने तोंडातून दोन भाग करतात, दोन्ही अर्धे बरे होऊन पूर्ण होतात. म्हणूनच साधा लाल-निळा डिस्कोसोमा छंदिष्ट एकमेकांना सहज देऊन टाकतात. याच कुळातला, अंगावर फुगे असलेला ‘बाउन्स’ रोडॅक्टिस मात्र सावकाश वाढतो आणि दुर्मीळ असतो, म्हणून परदेशात त्याच्या एका चकतीचे शेकडो डॉलर मोजले जातात. अळंबीसारखा दिसतो, भाव केशराचा.

शेजाऱ्याशी भिडताना तो लढतोही. रोडॅक्टिस शेजारच्या कोरलच्या दिशेने कडेला फुगीर, डंखदार बाहू तयार करतो, पोटातले धागे बाहेर काढून शेजाऱ्याचा ऊतक जाळतो. म्हणून अनुभवी लोक मशरूम मुख्य दगडावर न लावता वाळूत एकटा दगड ठेवून त्यावर लावतात. भोवती मोकळी वाळू असली की बराच काळ हद्द सांभाळली जाते.

टाकीत जे घडते ते समुद्रात मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. हवाईच्या दक्षिणेला सुमारे १६०० किलोमीटरवर पाल्मिरा नावाचे प्रवाळ कंकण आहे. तिथे १९९१ मध्ये मासेमारी करणारे ३७ मीटर लांबीचे जहाज रीफवर बुडाले. त्या जहाजाभोवती रोडॅक्टिस म्हणून ओळखला गेलेला कोरलिमॉर्फ पसरू लागला आणि त्याने कठीण प्रवाळांची जागा घेतली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की जहाजाजवळ त्याची दाटी सर्वाधिक आणि दूर जावे तसतशी कमी. जहाजाच्या गंजणाऱ्या लोखंडाने पाण्यात लोह वाढले असावे, हा त्यामागचा प्रमुख अंदाज. अखेर अमेरिकी सरकारला ते जहाज कापून तिथून हलवावे लागले. तो कोरल तिथला स्थानिकच होता, हे लक्षात घ्या. परका असता तर गोष्ट किती वेगळी झाली असती, याचा अंदाज व्हेनेझुएलातून येतो. तिथे हिंद-प्रशांत महासागरातला युनोमिया हा मऊ कोरल किनाऱ्यालगतच्या रीफवर गालिच्यासारखा पसरला आहे आणि तो मत्स्यालयाच्या व्यापारातून तिथे पोहोचला असावा, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

कोकणच्या खडकांवर प्रवाळ मुळातच कमी, गढूळ पाण्यात, कसेबसे तग धरून आहेत. तिथे परका मशरूम पोहोचण्यासाठी कुणाचा वाईट हेतू असण्याची गरज नाही. टाकी साफ करताना खाडीत ओतलेली एक बादली पुरे.

टाकी बंद करायची असेल तर?

बदली होते, बाळ येते, वीजबिल येते. छंद थांबवणारे बरेच असतात. अशा वेळी पहिला मार्ग दुसऱ्या छंदिष्टाला किंवा दुकानाला परत देण्याचा. घेणारा कुणी नसेल तर समुद्र, खाडी, नाला किंवा सोसायटीचे कारंजे हे पर्याय नाहीत. ‘निसर्गात सोडून दिले’ म्हणणाऱ्याला पुण्य लागत नाही. आपल्या तलाव-नद्यांमध्ये पसरलेला सकर मासा असाच कुणीतरी घरच्या टाकीतून ‘सोडून दिलेला’ आहे.

मशरूम असलेले दगड पाण्याबाहेर काढून कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावेत, एका दिवसात नाही, आठवडाभर. दगडावर झोअँथिड नाहीत ना हे आधी पाहावे आणि वाळलेला दगड घासू नये. टाकीतल्या पाण्यात ब्लीच मिसळून ते २४ तास तसेच ठेवावे, मग मोरीत सोडावे. बाजूला आम्ल किंवा व्हिनेगर असलेली दुसरी कोणतीही बाटली ओतू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. फिल्टरमधला स्पंज आणि तळाची वाळूही याच पाण्यात बुडवून घ्यावी. मशरूमच्या पायाचा नखाएवढा तुकडा बहुतेक वेळा तिथेच अडकलेला असतो.